खुर्चीची करकर

कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्डने १९८१ साली वाजवलेल्या, बाख या जर्मन संगीतकाराच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ऐकायला बसलो आणि दोन-तीन मिनिटांतच हेडफोन काढून वायर हलवून पाहिली, कारण पियानोच्या मागे कुणीतरी पुटपुटत असल्यासारखे वाटत होते. वायर धड होती. पुटपुटत होता तो खुद्द गूल्ड. वाजवताना गुणगुणण्याची खोड त्याला आयुष्यभर सुटली नाही, आणि वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली घडीची खुर्चीही त्याने सोडली नाही. तिची करकर त्याच्या ध्वनिमुद्रणांत अधूनमधून सापडते, हे कळल्यापासून मी निर्लज्जपणे तिच्यावरच कान ठेवून असतो.

हीच रचना त्याने १९५५ साली, बाविसाव्या वर्षी, ३८ मिनिटांत संपवली होती. या खेपेला त्याला ५१ मिनिटे लागली. काही भाग त्याने दोनदा घेतले हे खरे, पण सुरुवातीचा आरिया (मूळ धून) सुद्धा पूर्वी दोन मिनिटांच्या आत उरकणारा आता तीन मिनिटे रेंगाळतो. तरुण गूल्ड ऐकून थक्क व्हायला होते. पुन्हा ऐकावासा वाटतो तो मात्र पन्नाशीला टेकलेला.

अशा आवाजांवर कान ठेवण्याच्या सवयीमुळे कीथ जॅरेट या अमेरिकन जॅझ पियानोवादकाचा ‘द कोल्न कॉन्सर्ट’ मला वेगळाच ऐकू आला. २४ जानेवारी १९७५ च्या रात्री जर्मनीतल्या कोल्नच्या ऑपेरागृहात त्याच्यासमोर आला तो हवा होता त्याहून लहान पियानो. त्याचे वरचे स्वर पातळ, खालचे पोकळ आणि पेडलही नीट न चालणारे. हे आधी ठाऊक असल्याने असेल, पण पहिल्या २६ मिनिटांच्या सलग वादनात तो हात मधल्या पट्ट्यांतच राखून आहे, हे जाणवत राहते. दुसऱ्या भागात डावा हात एकच ठेका इतका वेळ घोटत राहतो, की वाद्यात नसलेला भरीव खर्ज जणू चिकाटीने उभा केला जातो. त्यात पायाचे ठोके मिसळतात, मधेच जॅरेट कण्हतो, आणि ते कण्हणे मला गूल्डच्या गुणगुणण्याइतके गोड वाटत नाही. याच भागाच्या मध्यावर माझे लक्ष दोनदा उडाले, हेही सांगितले पाहिजे.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधला दोष मात्र एकाही वादकाच्या हातून घडलेला नाही. २ मार्च १९५९ रोजी मुद्रण करताना टेपयंत्र किंचित हळू फिरले, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तबकडीवर जराशा चढ्या सुरात उतरल्या आणि ही चूक १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. मी चढी आवृत्ती ऐकतच वाढलो. परवा दुरुस्त केलेली लावली, तर डेव्हिसला झोप आली असावी असे वाटले. तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत ती भावना गेली, हा भाग वेगळा.

हा अल्बम आणि गूल्डच्या दोन्ही ‘गोल्डबर्ग’ न्यू यॉर्कमधल्या एकाच स्टुडिओत मुद्रित झाल्या, आणि ती इमारत मुळात चर्च होती. हे वाचल्यावर १९८१ ची तबकडी शेवटी पुन्हा येणाऱ्या आरियापासून लावली. सुरांमधल्या लांबलेल्या शांततेत त्या उंच छताचा अंदाज घेऊ लागलो, तोच तो गुणगुणला.