भूत परत येतं, घर येत नाही

ऑफिसात डबा खाताना, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, भाचरांच्या व्हॉट्सॲपवर मला एक प्रश्न हटकून येतो. ‘भुताचे सिनेमे एवढे आवडतात, मग पार्ट टू आला की तुझं तोंड का पडतं? आणि तो नाही बघायचा, तर बघायचं काय?’ तुम्हीही विचारलंत म्हणून या वेळी सविस्तर सांगते.

चांगल्या भयपटात भूत दिसायच्या कितीतरी आधी आपली एका घराशी ओळख होते. त्या घरावर कर्ज असतं, कुणाच्या मनात हाव असते, कुणीतरी काही दडवलेलं असतं. भूत येतं ते त्यातून. सिनेमा चालला की पुढचा भाग काढणाऱ्यांना वाटतं, लोक भुतासाठी आले होते. मग ते भूत तेवढं ठेवतात, त्याची ताकद वाढवतात, त्याचा पूर्वेतिहास सांगत बसतात, आणि घर मागे राहून जातं.

1973 चा ‘द एक्झॉर्सिस्ट’ घ्या. त्यातली उलटी फिरणारी मान सगळ्यांना आठवते. मला मात्र सैतान उतरवायला आलेला पाद्री, फादर कॅरस, जास्त छळतो. म्हाताऱ्या आईला एकटं ठेवल्याची टोचणी त्याला आतून खात असते, आणि सैतान नेमका त्या आईचाच आवाज काढतो. मुलं परदेशात आणि आईवडील कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, अशा घरांतल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. 1977 च्या दुसऱ्या भागात दोन मनं जोडणारं यंत्र आहे, टोळधाड आहे, आफ्रिकेचा प्रवास आहे. सैतानाची सगळी कुंडली मांडून दाखवली आहे. कळतं बरंच, भीती कशाचीच वाटत नाही.

त्या भागाने पोळलेले लोक 1990 च्या तिसऱ्या भागाकडे वळतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मूळ कादंबरीचे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी यांनी तो स्वतः लिहिला आणि स्वतःच दिग्दर्शित केला. एक थकलेला पोलीस अधिकारी आणि त्याचा पाद्री मित्र. दोघांनाही वाटतं की आज समोरचा उदास आहे, त्याला सिनेमाला न्यावं. एवढ्यावरच मी त्या दोघांची झाले. पुढे हॉस्पिटलच्या कॉरिडॉरचा प्रसंग येतो. कॅमेरा एका टोकाला ठेवलेला आणि तो बराच वेळ हलतच नाही. रात्रपाळीची नर्स खोली तपासते, टेबलाशी परत येते, पुन्हा उठते. पहारा असतो, तो थोडा बाजूला जातो. तोवर संगीत नाही. तुमची नजर आपोआप एकेका दारावर फिरायला लागते, आणि जे व्हायचं ते क्षणात होतं. इतक्या संयमाने घाबरवलेलं मी फार थोड्या सिनेमांत पाहिलंय. स्टुडिओच्या आग्रहाने शेवटी सैतान उतरवण्याचा विधी जोडला गेला आणि तो उपरा वाटतो, हे खरं. तरीही बघा, आणि बघताना आवाज कमी करू नका.

1983 चा ‘सायको 2’ सुद्धा असाच दुर्लक्षित. मूळ ‘सायको’तला खुनी नॉर्मन बावीस वर्षांनी सुटून त्याच घरात परततो, आणि त्याला बरं होऊ द्यायचं नाही असं माणसांनीच ठरवलेलं असतं. इथे घर शाबूत आहे, म्हणून सिनेमाही उभा राहतो.

आपल्याकडे येऊ. राम गोपाल वर्मांचा 2003 चा ‘भूत’ फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा सिनेमा होता. लिफ्ट, पार्किंग, रात्री पाणी प्यायला उठणं. 2012 चा ‘भूत रिटर्न्स’ थ्रीडी झाला आणि वस्तू आपल्या अंगावर यायला लागल्या. त्यातल्या कुटुंबाबद्दल आज मला काहीही आठवत नाही. ‘झपाटलेला’चंही तेच दुखणं, फक्त ते जास्त लागतं. 1993 साली आपला जीव लक्ष्यात अडकला होता. तो बाहुला त्या भोळ्या जिवाच्या मागे लागला म्हणून आपण घाबरलो. 2013 मध्ये तात्या विंचू परत आला, रामदास पाध्यांच्या बाहुल्याची जरब तीच, पण लक्ष्मीकांत बेर्डे 2004 मध्येच गेले होते.

विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ किती जणांनी थिएटरात पाहिला? कर्जाला घाबरून पळालेला नवरा, दिवस भरत आलेली बायको, आणि चहूबाजूंनी ऊस. पूजा सावंत आणि उषा नाईक यांची जुगलबंदी बघण्यासारखी आहे. मुलगी नको असण्याची आपली जुनी क्रूरता त्या उसातून हाका मारते. त्याचाच हिंदी ‘छोरी’ 2021 मध्ये आला, 2025 मध्ये ‘छोरी 2’. दुसऱ्यात गोष्ट जमिनीखाली भुयारांत शिरते, दासी माँ येते, विधी येतात. दिग्दर्शक तेच, कळकळही तीच. पण उसातला तो वाराच नाही.

मग बघायचं काय? आधी 1980 चा ‘गहराई’. आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या अरुणा राजे यांनी विकास देसाईंबरोबर तो केला. श्रीराम लागू गावाकडची जमीन विकतात, आणि पद्मिनी कोल्हापुरे, म्हणजे त्यांची शाळकरी लेक, बापाने दडवलेलं सगळ्यांसमोर बोलू लागते. हिंजवडी-वाघोलीकडच्या जमिनी विकल्याच्या गोष्टी रोज ऐकणाऱ्या पुणेकराने हा सिनेमा न बघणं मला पटत नाही. नंतर 2009 चा ‘13 बी’. हप्त्यांवर घेतलेलं नवं घर, एकत्र कुटुंब, आणि टीव्हीवरच्या मालिकेत घडतं तेच घरात घडायला लागतं. माधवनचा चेहरा हळूहळू उतरत जातो, तो बघा.

जुन्या वाड्यातल्या सोन्याच्या हावेची गोष्ट सांगणारा ‘तुंबाड’ आता दुर्लक्षित राहिला नाही. 2018 मध्ये लोक फिरकले नाहीत, 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा आधीपेक्षा जास्त कमाई झाली. भयकथाकार नारायण धारपांच्या कथांची सावली त्यावर आहे आणि काही चित्रीकरण आपल्या सासवडच्या वाड्यातलं आहे, म्हणून जवळचा वाटतोच. आता दुसऱ्या भागाची घोषणा झाली आहे आणि मला त्याची काळजी वाटते. नायकाच्या मुलाने, पांडुरंगाने, बापाची हाव नाकारली तिथे गोष्ट पुरी झाली. पुढे जायचंच असेल तर त्यातला सोनं बाळगणारा राक्षस, तो हस्तर, आणखी मोठा नको. 1947 साली बापाला जाळून आलेला तो पोर घरी आईला काय सांगतो, पुढे पोट कशावर भरतो, पैशाची चणचण आली की त्याला तो वाडा आठवतो का, हे दाखवणार असाल तर पहिल्या दिवसाचं तिकीट मी काढेन.