समोरच्या कोऱ्या कागदावरचा जिना

लंडनमध्ये जुन्या छायाचित्रांच्या जतनाचे काम मी करते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी खासगी संग्रहातले एक जाड फोल्डर माझ्या टेबलावर आले. सोबतच्या यादीत ‘चर्चमधील जिना, ब्रोमाइड प्रिंट’ एवढीच नोंद होती. ते उघडताच चित्राच्या आधी माझी नजर गेली ती त्याला टेकून असलेल्या कोऱ्या कागदावर. त्यावर फिकट तपकिरी रंगात तोच जिना उमटला होता, पण उलटा: चित्रात उजवीकडे वळणाऱ्या पायऱ्या तिथे डावीकडे वळत होत्या.

असा ठसा ही प्लॅटिनम प्रिंटची, म्हणजे कागदाच्या तंतूंवर थेट प्लॅटिनम धातूने उमटवलेल्या चित्राची, ओळखीची खूण आहे. प्लॅटिनमला वर्षानुवर्षे चिकटून राहिलेल्या कागदाचा ऱ्हास लवकर होतो, आणि चित्रात धातू जिथे दाट तिथे समोरचा डागही गडद पडतो. ब्रोमाइड प्रिंटमध्ये चित्र कागदावरच्या जिलेटिनच्या थरात असते; इथे सूक्ष्मदर्शकाखाली तो थर दिसला नाही, कागदाचे तंतूच उघडे दिसले, तेव्हा यादीतली नोंद चुकीची असल्याची खात्री झाली.

जिना ओळखायला वेळ लागला नाही. इंग्लंडमधल्या वेल्स कॅथेड्रलच्या चॅप्टर हाऊसकडे, म्हणजे धर्मगुरूंच्या सभागृहाकडे, जाणारा हा जिना फ्रेडरिक एव्हान्स यांनी १९०३ मध्ये टिपला आणि त्या चित्राला ‘अ सी ऑफ स्टेप्स’ (पायऱ्यांचा समुद्र) असे नाव दिले. पुस्तकविक्रीचा व्यवसाय सोडून कॅथेड्रलांच्या छायाचित्रणाला वाहून घेतलेल्या या माणसाला निगेटिव्हवर हात फिरवून चित्र सुधारणे मान्य नव्हते. त्या काळी चर्चच्या आत काम करणाऱ्यांना काळोखाइतक्याच खिडक्याही छळत. अंधारातला दगड उमटावा म्हणून कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटला दीर्घकाळ प्रकाश दिला, की खिडकीचा उजेड काचेच्या मागच्या पृष्ठावरून परतून भोवती धूसर वलय पसरवी. ते टाळण्यासाठी प्लेटच्या पाठीवर गडद लेप देत.

दुपारभर मी मूळ चित्र आणि ठसा शेजारी ठेवून पाहत राहिले. ठशात मधल्या छटा जवळजवळ विरल्या होत्या. पायऱ्यांच्या झिजलेल्या कडा कोऱ्या, आणि प्रत्येक कडेखाली सावलीची एक बारीक पट्टी, मध्यभागी किंचित खाली वाकलेली. शतकानुशतकांच्या पावलांनी दगडात पाडलेला खोलगटपणा केवळ त्या वाकण्यातून कळत होता. मूळ चित्रातल्या लाटेचा भास प्रकाशामुळे होतो, असे मी इतकी वर्षे समजत होते. तो आकार सावलीने धरून ठेवला आहे, हे मला त्या डागाने दाखवले.

संध्याकाळी संग्राहकांच्या प्रतिनिधींचा फोन आला आणि डागाळलेला कागद काढून टाकावा का, असे त्यांनी विचारले. मी स्पष्टपणे नाही म्हटले. चित्राला मी पाण्याचा थेंबही लागू दिला नाही. फक्त त्यावर नवा आम्लरहित कागद ठेवला, यादीतली नोंद दुरुस्त केली, आणि त्या उलट्या जिन्याला स्वतंत्र क्रमांक देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले.