पोटातला पडदा थकतोय, हे वेळेत कसं कळणार?

ह्यांचं पोटाचं डायलिसिस घरीच चालतं, दिवसाला तीन बॅगा: साखरेचं पाणी पोटात सोडायचं, पोटाच्या आतल्या पडद्यातून (पेरिटोनियम) रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी त्यात उतरलं की ते बाहेर काढायचं. ड्रेन झालेली बॅग मी ताणकाट्याला लावते, वजन वहीत लिहिते आणि बॅगेखाली वर्तमानपत्र धरून अक्षरं नीट वाचता येतात का ते बघते. गढूळ दिसलं तर तडक फोन करायचा. पण ही झाली संसर्गावरची नजर. रोज साखरेचं पाणी झेलणारा पडदा आतून कसा आहे, ते यातून कळत नाही.

त्यासाठी पेट टेस्ट, म्हणजे पेरिटोनियल इक्विलिब्रेशन टेस्ट, पडदा किती वेगाने काम करतो ते मोजणारी तपासणी. 1987 साली अमेरिकेत त्वार्दोव्स्की यांनी ती मांडली आणि आजही तीच चालते. अडीच टक्के साखरेचं दोन लिटर पाणी पोटात सोडताना ह्यांना पलंगावर या कुशीवरून त्या कुशीवर वळायला लावतात, म्हणजे पाणी सगळीकडे पोचतं. चार तासांनी पाण्यातलं क्रिएटिनिन (रक्तातल्या घाणीतला एक पदार्थ) भागिले रक्तातलं. 0.81 च्या वर गेलं तर पडदा 'फास्ट'. ऐकायला बरं वाटतं, कारण घाण लवकर निघते. पण साखरही तितक्याच लवकर रक्तात शिरते, पाणी ओढणारी ताकद संपते आणि पायावर सूज येते. ह्यांचा आकडा 0.66 वरून 0.77 वर आला, तेव्हा डॉक्टरांनी रात्रीसाठी साध्या साखरेऐवजी आयकोडेक्स्ट्रिनची बॅग सुरू केली. तो रेणू मोठा, हळूहळू शोषला जातो, म्हणून लांब वेळ पाणी ओढत राहतो.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे पुढचं वाचल्याशिवाय राहवलं नाही. ड्रेनच्या पाण्यात सीए-125 नावाचं प्रथिन मोजतात. पडद्यावरच्या मेसोथेलियल पेशी ते सोडतात. महिनोन्‌महिने ते घसरत गेलं तर पेशींचा थर विरळ होतोय असं मानतात. इंटरल्युकिन-6 हे दाहाची खूण असलेलं प्रथिन वाढलेलं असेल तर पडद्याला सूज आहे. फास्ट पडद्यांत ते जास्त सापडतं. दोन्ही मला फार मोलाची वाटतात, पण माणसामाणसांत फरक एवढा, की किती म्हणजे कमी, अशी सर्वमान्य रेघ नाही. शिवाय पेरिटोनायटिस, म्हणजे पडद्याचा संसर्ग, झाला की सीए-125 उलट वाढतं. एकट्या रिपोर्टवरून कुणी घाबरू नये.

मला सगळ्यात पटलं ते साधं सोडियम. सव्वाचार टक्के साखरेची बॅग घातली की पहिल्या तासात पेशींमधल्या अ‍ॅक्वापोरिन या वाटांनी नुसतं पाणी येतं, मीठ मागे राहतं. त्यामुळे बॅगेतलं सोडियम, जे सुरुवातीला लिटरमागे 132 मिलिमोल असतं, ते चांगलं उतरायला हवं. उतार पाच किंवा त्याहून कमी असेल तर पाण्याच्या वाटा मंदावल्यात किंवा पडद्यात व्रणासारखे तंतू साचलेत, अशी शंका घेतात. याच बॅगेवर चार तासांत जास्तीचं पाणी 400 मिलीपेक्षा कमी निघालं, तर पडदा पाणी काढायला कमी पडतोय. गल्लीतल्या लॅबलाही जमणारी ही तपासणी. ती पेटबरोबर सर्रास व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांच्या घरी नुकतंच सुरू झालंय त्यांनी पहिल्या काही आठवड्यांनंतरची पेट चुकवू नका आणि तो कागद जपून ठेवा. पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशीच ताडून बघायचा असतो. पेरिटोनायटिस नुकताच झाला असेल तर निदान महिनाभर थांबून करा. ह्यांची पुढची पेट दिवाळीनंतर आहे. ती सव्वाचारच्या बॅगेवर करून एका तासाचं सोडियमही पाठवा म्हणून मी विचारलं, आणि डॉक्टरांनी ते लगेच केसपेपरवर लिहून घेतलं.