मे महिन्यातली कळसूबाई आणि डब्यातली खमंग काकडी

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर. वाट मळलेली, अवघड जागी लोखंडी शिड्या, सुट्टीच्या दिवशी वाटेत लिंबू सरबताच्या टपऱ्याही. म्हणूनच इथे लोक सगळ्यात कमी तयारीने येतात. "लहान पोरं चढतात की," हे वाक्य पायथ्याच्या बारी गावात पार्किंगला हमखास ऐकू येतं. पोरं चढतात हे खरंच आहे, फक्त ती पहाटे निघालेली असतात.

मे महिन्यात फजिती होते ती वेळेमुळे. मुंबई-पुण्याहून सकाळी निघालेली गाडी बारीत पोचेपर्यंत दहा वाजतात. चढायला साधारण तीन तास, म्हणजे शेवटच्या शिड्या भर दुपारी येतात आणि तोवर लोखंडाला हात लावायची सोय राहिलेली नसते. सुती हातमोजे किंवा जुना रुमाल खिशात असेल तर निभावतं. नसेल तर माणूस कठडा धरायचं टाळतो, आणि पाय घसरला की धरायला काही नसतं. वाट डोंगराच्या पूर्व अंगाने चढते, त्यामुळे सूर्य उगवल्यापासून ऊन पाठीवर असतं. कपाळापुरती टोपी इथे उपयोगाची नाही, मान झाकणारं उपरणं घ्या. बारीतून पहाटे साडेचारला बॅटरी लावून निघालात तर आठच्या आत माथा आणि अकराच्या आत खाली पोचता. उन्हाळ्यात मला तरी दुसरं वेळापत्रक मान्य नाही.

दुसरी चूक पाण्याची. एका माणसाला चार लिटर. आकडा ऐकून लोक हसतात, पण उन्हातल्या खड्या चढावर तासाला लिटरभर घाम सहज जातो. शिवाय वर वारा असतो, घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती गेला ते कळतच नाही. चारपैकी दीड लिटर वेगळ्या बाटलीत भरा आणि माथ्यावर पोचेपर्यंत तिचं बूच उघडू नका. ते उतरतानाचं पाणी. ही बाटली उघडायची वेळ आधीच आली, तर शिखर कितीही जवळ दिसत असलं तरी तिथूनच मागे फिरायचं. टपरीच्या भरवशावर राहू नका, आडवारी ती बंद असू शकते.

नुसतं पाणीच पीत राहिलात तरी पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं जड होतं, मळमळतं. मीठ घामातून गेलेलं असतं आणि वरून येतंय फक्त पाणी. निम्मं पाणी साधं ठेवा आणि निम्म्यात हे घाला: एका लिटरला पोह्याचा नव्हे, चहाचा चमचा (5 मिलीचा) सपाट भरून साखर सहा वेळा, मीठ अर्धा चमचा, वर एक लिंबू. अंदाजाने मीठ घालू नका. जास्त खारट पाण्याने तहान आणखी वाढते आणि उलटीही होते.

सोबतचा कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापलेलं लागलं, तर तो नुसता थकवा नाही, उष्माघात आहे. घाम येतोय म्हणून गाफील राहू नका, उष्माघातात घाम थांबलेलाच असतो असं नाही. जी काय सावली मिळेल तिथे आडवं करा, कपडे सैल करून ओले करा, वारा घाला, मान-काखा-जांघा गार ठेवा. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. 108 किंवा 112 ला फोन करा, पण गार करण्याचं काम त्यासाठी थांबवू नका.

बुटांचा एक किस्सा प्रत्येक ग्रुपमध्ये घडतो: कपाटात तीन-चार वर्षं पडलेले, दिसायला कोरे बूट, आणि पहिल्याच उतारावर सोल तोंड उघडतो. वापर नव्हता म्हणूनच हे घडतं. बऱ्याच बुटांच्या तळातला पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत विरत जातो आणि बाहेरून काही कळत नाही. आठवडाभर आधी बूट हातात घेऊन चवड्याशी पुरता वाकवा, कडेच्या फोमला अंगठ्याने दाबा. भेगा दिसल्या, भुकटी निघाली की तो बूट बाद. वाटेत सोल सुटलाच तर पाच-सहा फुटी नाडी चवड्याखालून घेऊन घोट्यावर आवळा. मुरमाड घसाऱ्यावर ती फार टिकत नाही, दोन नाड्या जवळ ठेवा. आणि पायाची नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर उतरताना ती बुटाला आपटून काळी पडतात.

महिन्याच्या शेवटी दुपारनंतर वळवाचे ढग जमतात. गडगडाट ऐकू आला की माथा आणि लोखंडी शिड्या दोन्ही टाळा.

आता डबा. उन्हात वेफर आणि फरसाण घशाखाली उतरत नाही, आणि घरून कालवून नेलेली कोशिंबीर दोन तासांत पाण्यात पोहत असते. मीठ लागलं की काकडी पाणी सोडणारच. दही आंबतं, ओलं खोबरं तर मे महिन्यात दुपारपर्यंत वास मारायला लागतं, म्हणून दोन्हींना फाटा. खमंग काकडी वर न्यायची ती सुटी.

चार जणांना चार मध्यम काकड्या, साधारण 600 ग्रॅम. न सोलता, न कापता न्या. निघण्यापूर्वी प्रत्येकीचं देठाकडचं टोक कापून चव बघा, कडूपणा तिथेच आणि सालीलगत जास्त असतो. टोक घासून फेस काढल्याने कडू काकडी गोड होत नाही. फार कडू निघाली तर घरीच टाका.

अर्धी वाटी दाण्याचं कूट लागेल. दाणे मंद आचेवर भाजा, सालं पाखडून जाडसर कुटा. मिक्सर जास्त फिरला की तेल सुटून गोळा होतो. एक मोठा चमचा तेलात मोहरी तडतडवा, चिमूटभर हिंग घाला, दोन हिरव्या मिरच्यांचे तुकडे कुरकुरीत होईपर्यंत परता. मिरचीत ओल राहिली तर कूट चिकट होतं. फोडणी पूर्ण गार झाल्यावर कुटात मिसळा, मग एक सपाट चहाचा चमचा मीठ, तेवढीच साखर आणि अर्धा चमचा जिरेपूड. असं हे फोडणीसकट कूट कोरड्या डबीत दिवसभर छान राहतं. उपासाचा वार असेल तर तेल-मोहरी-हिंगाऐवजी तूप-जिरं. सोबत एक लिंबू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली कोथिंबीर, सोलाणं, सुरी आणि पसरट डबा.

काकडी वर पोचल्यावर चोचवायची. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरा, सुरीने वरच्या तोंडावर उभे खोल घाव घालत हळूहळू फिरवत जा, मग आडवी सुरी चालवून तुकडे डब्यात पाडा. तुकडे लहानमोठे पडतात, पडू द्या, लहान तुकड्यांना कूट चिकटतं आणि मोठे करकरीत राहतात. किसणीने फक्त लगदा आणि पाणी मिळतं. वर कूट, लिंबाचा रस, कोथिंबीर, दोनदा वर-खाली, आणि दहा मिनिटांत संपवा. सोबत दशमी किंवा धपाटे.

सालं तिथे टाकू नका, माकडं मग लोकांच्या पिशव्यांवर झडप घालायला शिकतात. डब्याच्या तळाशी जमलेलं आंबट-खारट पाणीही फेकू नका. ज्याने सगळ्यांच्या पाण्याचं ओझं वाहिलं, त्याच्या हातात डबा द्या.