दोष दुसऱ्या स्लॉटचा

निपाणीत माझे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करून देण्याचे, छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिले, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल अशी कामे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत चालतात. २०२५ च्या नवरात्रात एका पत्रिकेची मांडणी करत असताना संगणक अचानक हँग झाला. माउसचा बाण हलेना, आणि नमलॉकचे बटण कितीही दाबले तरी कीबोर्डावरचा त्याचा दिवा विझेना. एखादाच प्रोग्रॅम अडकला असेल तर हा दिवा सहसा चालू-बंद होतो. तोही थिजला, म्हणजे सबंध यंत्रच थांबले आहे, असे मी धरतो.

संगणक इंटेलच्या चौथ्या पिढीचा होता: आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) आणि डीडीआर३ रॅमच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या. पहिला संशय धुळीवर गेला, कारण निपाणी ही तंबाखूची पेठ आहे आणि आमच्या गल्लीतल्या वखारीतून उडणारी तपकिरी भुकटी प्रोसेसरच्या पंख्याखाली नमद्यासारखी साचते. ती काढून प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी नवी थर्मल पेस्ट लावल्यावर तापमान उतरले; हँग होणे मात्र थांबले नाही. दुरुस्तीवाल्या मुलाने "रॅम खोडरबरने पुसून लावली की चालतंय बघा, काका," असे सांगितले, आणि तसे केल्यावर खरोखरच दोन दिवस चाललेही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद वारंवार दिसत होती. ती पाहून अनेक जण लगेच एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलतात, मीही शेजाऱ्याचा आणून लावला. पण संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती नोंद सांगते, कारण सांगत नाही.

हार्ड डिस्कची स्मार्ट तपासणी (डिस्क स्वतःच ठेवते त्या प्रकृतीच्या नोंदी) निर्दोष निघाल्यावर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवला, तेव्हा सकाळी पडद्यावर चुका दाखवणाऱ्या तांबड्या ओळींची रांग लागली होती. रॅम खराब म्हणून नवी घेण्याचा मोह तिथेच होतो. मी मात्र एकेक पट्टी बोर्डावरच्या एकेका स्लॉटमध्ये (खाचेत) घालून चार रात्री तीच तपासणी केली. पहिल्या स्लॉटमध्ये दोन्ही पट्ट्या निर्दोष होत्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन्ही चुकत होत्या, म्हणजे पट्ट्यांचा दोष नव्हता. तरीही बोर्डावर लगेच ठपका ठेवता येत नव्हता, कारण या पिढीत रॅमचा नियंत्रक प्रोसेसरच्या आतच असतो. एका फोटोग्राफर मित्राकडे एलजीए११५० सॉकेटचाच, म्हणजे माझा प्रोसेसर ज्यात बसतो तसाच, संगणक आहे. माझा प्रोसेसर त्याच्या बोर्डावर दोन्ही स्लॉट भरून रात्रभर चालला आणि एकही चूक आली नाही. तेव्हा कुठे बोर्डच दोषी असल्याची खात्री पटली.

आता बदली बोर्डाचा प्रश्न. एच८१ चे बोर्ड अजून बाजारात दिसतात, पण ते एकतर वापरलेले असतात, नाहीतर अनोळखी नावाचे 'नवे'. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार (मायक्रोसॉफ्टकडून येणारे अपडेट) संपणार होता, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या सॉकेटवर पैसे घालणे म्हणून मला पटेना. ज्याला फक्त मेल पाहायचे आणि पत्रे लिहायची आहेत, त्याने पहिल्या स्लॉटमध्ये ८ जीबीची एकच पट्टी घालून भागवावे. मांडणीसाठी मी वापरतो त्या कोरलड्रॉला ते पुरणारे नव्हते.

बेळगावपेक्षा कोल्हापूर आम्हाला जवळ, सुमारे चाळीस किलोमीटर, म्हणून खरेदीला तिकडेच गेलो. एच६१० चिपसेटचा बोर्ड, आय३-१२१०० हा बाराव्या पिढीचा प्रोसेसर आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. तीन ठिकाणी फसायला वाव होता. एच६१० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. याच प्रोसेसरचा १२१००एफ हा प्रकार थोडा स्वस्त असतो, पण त्यात अंगचे ग्राफिक्स नसल्यामुळे वेगळे कार्ड घ्यावे लागते. आणि माझ्या जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए ही जुन्या प्रकारची जोडणी असल्याने ते पोर्ट बोर्डावर आहे की नाही, हे खोक्यावरच्या चित्रात बोट ठेवून पाहावे लागले. एसएमपीएसही नवाच घेतला, कारण जुन्याला प्रोसेसरसाठीची ४ पिनांचीच जोडणी होती आणि या बोर्डावर जागा ८ पिनांची आहे.

जुन्या डिस्कवरची विंडोज लेगसी, म्हणजे संगणक सुरू करण्याच्या जुन्या पद्धतीने बसवलेली होती आणि नवा बोर्ड केवळ यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होतो, त्यामुळे ती उघडलीच नाही. पत्रिकांच्या फायली आणि मराठी-कन्नड फॉन्ट आधीच बाहेर उतरवून ठेवले होते म्हणून एका संध्याकाळीत सगळे नव्याने बसले. तुळशीच्या लग्नानंतरची गर्दी सुरू झाली तेव्हा संगणक तयार होता.

जुना बोर्ड पुतण्याने नेला. दुसऱ्या स्लॉटवर चिकटपट्टी लावून, पहिल्यात एकच पट्टी घालून तो त्यावर लिनक्स चालवतो.