पाण्यातलं शिखर

एका सभागृहाच्या प्रवेशदालनातली भिंत सजवायचं काम मला मिळालं, तेव्हा तिथे सिद्धेश्वर मंदिराचा मोठा फोटो छापून लावायचं जवळजवळ ठरलं होतं. मी समितीसमोर म्हणाले, सोलापूरच्या सभागृहात छापील चित्र कशाला? इथे यंत्रमाग आहेत, भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणारे जकार्ड आहेत, विणून लावू. पाच फूट रुंद, आठ फूट उंच. वर मंदिर आणि खाली तलावात पडलेलं त्याचं प्रतिबिंब. किल्ल्याच्या बाजूने सकाळी पाणी संथ असतं तेव्हा जसं दिसतं, अगदी तसं. मी रंगवून नेलेलं चित्र त्यांनी एकाच बैठकीत मान्य केलं आणि मी घरी पेढे आणले.

पुढचे तीन महिने मी पूर्व भागातल्या कारखान्यांचे उंबरठे झिजवले. अशोक चौकापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत कुठेही गेले तरी चित्र बघून माणसं खूश व्हायची, चहा मागवायची आणि मग एकच प्रश्न विचारायची. "हूक किती लागतेत?" हूक म्हणजे ताण्याचे, उभे धागे उचलणाऱ्या जकार्डच्या तारा. माझ्याकडे उत्तर नसायचं. मी आकार सांगायचे, रंग सांगायचे. ते मान हलवायचे आणि चहा संपला की विषयही संपायचा.

त्यांचं चुकत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. चादरीची नक्षी पुन्हा पुन्हा येते. एकदा कार्डं पंच केली की त्याच कार्डांवर हजारो चादरी निघतात, म्हणून तो धंदा चालतो. मी मागत होते एकच नग. त्यासाठी कार्डं नवी, जोडणी नवी, माग कित्येक दिवस अडवून ठेवायचा आणि शेवटी हातात एकच कापड. कुणी का करावं?

अण्णा भेटले ते या नकारांच्या शेवटी. वय सत्तरीच्या आसपास, घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. कारखाना आता मुलगा बघतो, पण जकार्डवर काही अडलं की हाक अण्णांनाच. त्यांनी चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मागाजवळ नेलं आणि वर बोट दाखवलं. "हे चारशे ऐंशी हूक. एका हुकाला चार धागे. किती झाले?" एक हजार नऊशे वीस. "रुंदी साठ इंच. म्हणजे इंचाला हूक किती?" आठ. "आता तुझं चित्र काढ. इंचाला आठ ठिपके. नववा मिळत नाही."

त्या रात्री चित्र घेऊन बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काढलेल्या निम्म्या रेषा आठ ठिपक्यांत मावतच नव्हत्या. शिखरावरचं बारीक काम गेलं, झाडांची पानं गेली, घाटाच्या पायऱ्या निम्म्यावर आल्या. वाईट वाटलं. पण उरलेलं चित्र आधीच्यापेक्षा ठाम होतं, हेही खरं.

मग कार्डांचा हिशेब आला. धोट्याच्या प्रत्येक फेरीला, म्हणजे प्रत्येक पिकला, एक कार्ड. कुठला हूक उचलायचा आणि कुठला नाही, हे त्या कार्डातली भोकं सांगतात. इंचाला चोवीस पिक धरले तर आठ फुटांना दोन हजार तीनशे चार कार्डं. फ्रान्सच्या ल्योंमध्ये १८३९ साली, ज्याच्या नावाने हे यंत्र ओळखलं जातं त्या जकार्डचंच एक चित्र रेशमात विणलं होतं, त्याला २४,००० कार्डं लागली होती. त्यापुढे आमचं काम किरकोळ. पण त्या चित्रामागे अख्ख्या शहराचा रेशीमधंदा उभा होता आणि माझ्यामागे एक समिती, जी आता खर्चाचा आकडा बघून पुन्हा छापील फोटोकडे वळली होती. काम दोन महिने जागीच थांबलं.

तो आकडा फोडला अण्णांनी, आणि तेही सहज. मी म्हणत होते, प्रतिबिंब काढून टाकू, नुसतं मंदिर ठेवू. ते म्हणाले, "कशाला काढतेस? खालचं चित्र वरचंच आहे की उलटं. कार्डं उलटी चालवू."

मला क्षणभर काही सुचेना. कार्डांची माळ एक ते शेवटपर्यंत गेली की मंदिर पूर्ण. तीच माळ शेवटाकडून एककडे परत आणली की तेच मंदिर पालथं विणलं जातं. फक्त बाणा, म्हणजे आडवा धागा, बदलायचा. वर मरून, पाण्यात गडद निळा. प्रतिबिंबाला एकही नवं कार्ड नको. दोन हजार तीनशे चारचे झाले एक हजार एकशे बावन्न.

कॉलेजात आम्हाला सिडनीच्या ऑपेरा हाउसबद्दल शिकवलं होतं आणि तेव्हा मला त्यातलं नाट्यच तेवढं लक्षात राहिलं होतं: ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला, १९५७ मध्ये निवडलेलं डिझाइन १९७३ मध्ये उघडलं, आणि वास्तुविशारद योर्न उटझन १९६६ मध्येच काम सोडून गेले. अण्णांचं वाक्य ऐकल्यावर त्यातला दुसरा भाग आठवला. उटझन यांनी छतासाठी काढलेल्या शिडांना ठरावीक भूमिती नव्हती. प्रत्येक शीड वेगळं, म्हणजे प्रत्येकाचा साचा वेगळा. अभियंते कित्येक वर्षं त्यावर डोकं फोडत होते. १९६१ मध्ये तोडगा निघाला: सगळी शिडं एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापायची, त्रिज्या ७५ मीटर. वक्रता सगळीकडे एकच झाली, त्यामुळे फासळ्यांचे तुकडे त्याच त्या साच्यांतून पुन्हा पुन्हा ओतता आले. लोक त्या इमारतीबद्दल बोलताना उटझन यांच्या पहिल्या रेखाटनाबद्दल बोलतात. मला आता वाटतं, ती खरी उभी राहिली ती तो गोल सापडला त्या दिवशी. चित्रात लपलेली पुनरावृत्ती सापडेपर्यंत मोठं डिझाइन कागदावरच राहतं. आमच्या चित्रात ती तलावाच्या पाण्यात होती आणि ती मला, चित्र काढणारीला, दिसली नव्हती.

नवा आकडा घेऊन समितीकडे गेले तरी होकार लगेच आला नाही. मग मी फक्त शिखराच्या भागाचा एक लहान नमुना विणायची परवानगी मागितली. त्याला कुणी नाही म्हणालं नाही.

नमुना फसला. शिखर चपटं आलं, जणू कुणी वरून दाबलंय. मी ग्राफ चौकोनी घरांचा घेतला होता. इंचाला हूक आठ आणि पिक चोवीस, म्हणजे कागदावरचं चौरस घर कापडावर उंचीला तिसरा हिस्साच राहतं. ग्राफच त्या प्रमाणात आखलेला हवा होता. अण्णांच्या मुलाने तो तुकडा बाजूला टाकला, मी मात्र जपून ठेवला. हीच चूक एक हजार कार्डं पंच झाल्यावर कळली असती तर काम तिथेच संपलं असतं. दुसरा नमुना बरोबर आला. मागावरून उतरवल्यावर कापड किती आटतं, तेही त्यावरूनच मोजून घेतलं. समितीने तो हातात घेऊन बघितला, उलटसुलट केला आणि सही केली.

प्रत्यक्ष विणायला घेतलं तेव्हा एप्रिल लागला होता. सोलापूरचा एप्रिल सुताला मानवत नाही. हवा कोरडी पडली की ताण्याचे धागे तटतट तुटतात. धागा तुटला की माग थांबतो आणि थांबला त्या जागी कापडावर आडवी खूण उरते. साध्या कापडात ती खपून जाते, आमच्या आकाशात दिसली असती. म्हणून पहाटे पाचला सुरू करायचं ठरलं. जमिनीवर पाणी मारून ठेवलं होतं. माग न थांबता चालला असता तर सगळं विणकाम अर्ध्या तासाचंही नव्हतं. दहा महिन्यांची तयारी आणि अर्धा तास! आम्हाला तीन पहाटा लागल्या.

पहिल्या पहाटे मंदिर कळसापासून घाटापर्यंत उतरलं आणि पाण्याच्या रेषेवर माग थांबवला. धोटा बदलला, माळ उलटी फिरवली. दोन पिक पुढे गेले आणि अण्णांनी हात वर केला. शेवटचं, एक हजार एकशे बावन्नावं कार्ड दोनदा लागलं होतं. ताणा तोच उघडतो, मग दुसरा पिक आधीच्याच फटीत शिरतो आणि पहिल्याला चिकटून पडतो, कारण मधे त्यांना वेगळं ठेवणारं काही नसतं. पाणी एक हजार एकशे एक्कावन्नपासून सुरू करायला हवं होतं. ते पिक उसवून पुन्हा घेतले.

तो नग पूर्ण झाला आणि मुलाला शिखराशेजारी आकाशात एक पांढरा ठिपका दिसला. एका कार्डात एक भोक राहून गेलं होतं. लगेच खाली, पाण्यातही तोच ठिपका. चांगली युक्ती चूकही दुप्पट करते, हे मी त्या दिवशी शिकले. कार्ड बदललं. दुसऱ्या पहाटे धागे तुटले. तिसऱ्या पहाटेचा नग भिंतीवर आहे.

त्यात एक गोष्ट मी आखली नव्हती. माळ उलटी फिरली तशी विणीची तिरपी रेघही उलटी झाली. वरच्या भागात ती एकीकडे झुकते, पाण्यात दुसरीकडे. सकाळी दारातून उजेड आडवा आला की खालचा अर्धा भाग किंचित वेगळा चमकतो.

कार्डांची माळ अण्णांच्या कारखान्यात आढ्याला टांगलेली आहे. तिला बांधलेल्या पुठ्ठ्यावर मुलाने खडूने लिहून ठेवलंय: सिद्धेश्वर, १ ते ११५२, परत ११५१ पासून.