तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चची की घरात जमणाऱ्या मंडळीची?

“रविवारी चर्चला दिसता, शुक्रवारी त्या घरातल्या प्रार्थनेलाही जाता. मग नक्की कुठल्या तुम्ही?” लग्नाच्या पंगतीत, सांत्वनाच्या प्रार्थनेनंतर, बसस्टॉपवरसुद्धा हे मला विचारलं गेलंय. चर्चमधल्यांना वाटतं, ही निघायच्या वाटेवर आहे. शुक्रवारच्यांना वाटतं, ही अजून पुरती आलेलीच नाही. तुम्ही मनापासून विचारलंत, म्हणून सगळं सांगते.

मी अहिल्यानगरची, आमच्या तोंडी अजून नगरच. इथे अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या संस्थेचं काम १८३१ साली सुरू झालं. आमच्या घरात बाप्तिस्मा, लग्न, माती, सगळं एकाच चर्चमधून होत आलं. दुसरीकडे जायचा विचारही कधी मनात आला नव्हता.

मग आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली, नाव घेऊन झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नाव घेणं वेगळं आणि उशाशी येऊन बसणं वेगळं. शेजारच्या गल्लीत एका घरी दर शुक्रवारी प्रार्थनेला पंधरा-वीस माणसं जमायची. त्यातल्या एक मावशी रोज दुपारी यायच्या, आईचा उजवा हात मांडीवर घेऊन तेलाने चोळायच्या आणि चोळता चोळता हलक्या आवाजात गीत म्हणायच्या. एके दुपारी धृपदाला आईचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. त्या शुक्रवारी मी पहिल्यांदा त्या घरी गेले.

घर दोन खोल्यांचं. सहा वाजता पलंग उभा करून भिंतीला लावतात, सतरंज्या पसरतात. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत ढोलकी आणि टाळ. ज्याला वाटेल तो साक्ष देतो. दारू सुटल्याची देतो आणि पुन्हा धरल्याचीही देतो, आणि तरी त्याला कोणी उठवून लावत नाही. चर्चच्या बाकावर मी जिच्याशेजारी वर्षानुवर्षं बसले, तिच्या घरी काय चाललंय हे मला ठाऊक नव्हतं. ही खंत माझी आहे, चर्चची नव्हे.

प्रेषित पौलाने बायबलातल्या रोमकरांस पत्रात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितलाय. आपल्या मराठी बायबलात चर्चसाठी शब्दच ‘मंडळी’ आहे. जेवायला बसलेल्यांनाही आपण मंडळी म्हणतो, घरच्या माणसांनाही. मला हा शब्द फार प्रिय आहे, कारण त्यात इमारत नाहीच.

पण इमारत कशी आली तेही बघा. सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपस नावाचं शहर होतं, २५६च्या सुमारास पडलं. तिथल्या उत्खननात एक घर सापडलं. त्यातल्या दोन खोल्यांमधली भिंत काढून उपासनेसाठी एक लांब खोली केलेली, दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याचा हौद. ती काढलेली भिंत माझ्या मनातून जात नाही. माणसं जमायला लागली की जागा लागते. पुढे हिशेब लागतो, पाळक म्हणजे धर्मगुरू लागतो, नियम लागतात. घरची मंडळी त्यातून सुटत नाही.

एका घरमंडळीत, आमच्या शुक्रवारच्या नव्हे, मी अर्पणाचा, म्हणजे देणगीच्या पैशांचा, हिशेब विचारला होता. “ताई, तुमचा विश्वास कमी पडतोय,” असं उत्तर आलं. तिथे कारभार बघणारे पंच नव्हते, सगळं एकाच माणसाच्या हातात. मी पुन्हा गेले नाही. चर्चमध्ये पंचांची भांडणं होतात, मिळकतीचे वाद होतात, त्या दिवसांत प्रभुभोजनाच्या विधीतली भाकर घशाखाली उतरत नाही. तरी तिथे मी उभी राहून हिशेब विचारू शकते. हे मला मोठं वाटतं.

आई गेली तेव्हा पाळकांनी चर्चचं जुनं रजिस्टर काढलं. तिच्या बाप्तिस्म्याची ओळ, लग्नाची ओळ, मग माझ्या बाप्तिस्म्याची, शाई फिकी झालेली. त्याच्याच आधारावर दफनभूमीत तिला बाबांच्या शेजारी जागा मिळाली. शुक्रवारच्या मंडळीकडे दफनभूमी नाही. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांना माती द्यायला मुलाला तीन ठिकाणी हात जोडावे लागले. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

मावशी आईपाशी जे गीत म्हणायच्या ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं, आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातलं. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त त्यांना एकत्र हवे होते. १९१९ मध्ये ते गेले. मिशनच्या चौकटीत न मावलेल्या माणसाची गीतं चर्चने आपल्या पुस्तकात जपली, आणि तिथूनच ती या दोन खोल्यांत आली. मग मी कुणाला सोडू?

बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पहिले विश्वासणारे रोज यरुशलेमच्या मंदिरात जमायचे आणि घरोघरी भाकर मोडायचे, असं लिहिलंय. दोन्ही एकाच वाक्यात. मी तशी राहायचा प्रयत्न करते. मुलांचं दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, चर्चमध्येच झालं. त्यांना ताप आला की पहिला फोन मावशींना जातो.

येत्या शुक्रवारी प्रार्थना आमच्या घरी आहे. चर्चच्या पाळकसाहेबांनाही बोलावलंय, येतो म्हणालेत. आईचा पलंग अजून त्याच खोलीत आहे, तो उभा करायला दोघं तरी लागतील. तुम्ही साडेपाचलाच या.